टॉवर स्पीकर पारखताना: खोली, कान आणि मिरजेचा तंबोरा

आमच्या दिवाणखान्याची लांबी पंधरा फूट, रुंदी बारा, उंची दहा. हे तीन आकडे मला तोंडपाठ झाले ते एक महागात पडलेली खरेदी करून बसल्यावर. पुण्यातल्या एका दालनात पाऊण तास ऐकलं, जमिनीवर उभे राहणारे मोठे स्पीकर, म्हणजे टॉवर, पसंत केले, टेम्पोतून सांगलीला आणले आणि पहिल्याच संध्याकाळी विलंबित ख्याल लावला. काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणाऱ्या गायकाचा तंबोरा ठीक वाटला. दुसरी मैफल पांढरी दोनची होती. तिचा खर्ज असा फुगला की गायकाचा आवाज त्याच्यामागे गेला. डग्ग्याची मींड, म्हणजे दाबून सरकवलेला सूर, खाली येताना एका ठराविक जागी पोचली की भिंतीतून कुणीतरी ढोल वाजवतंय असं वाटायचं. दालनात यातलं काहीही ऐकू आलं नव्हतं.

तेव्हापासून पाच-सहा घरांच्या खरेदीत मी सोबत गेले आहे, आणि आमची जोडीही बदलून झाली आहे. टॉवर स्पीकरच्या चांगल्या जोडीला आज तीन-चार लाखांपासून कितीही पैसे लागू शकतात. इतका पैसा घालण्याआधी काय करावं, कुठल्या क्रमाने करावं, हे इथे लिहिते आहे. शास्त्रीय संगीत, नाट्यगीतं, जुनी भावगीतं आणि अधूनमधून सिनेसंगीत ऐकणारं घर माझ्या डोळ्यासमोर आहे.

आधी खोली मोजा

स्पीकर बघायला निघण्याआधी टेप घ्या. भिंतीपासून भिंतीपर्यंतचं अंतर फुटांत मोजा आणि ५६३ ला त्या आकड्याने भागा. त्या दोन भिंतींमध्ये घुमणारा सगळ्यांत खालचा सूर हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपनं या मापात, मिळतो. हवेतला ध्वनी सेकंदाला साधारण ११२५ फूट जातो, त्याचा हा निम्मा आकडा. आमच्या पंधरा फुटांना उत्तर येतं ३७.५, बाराला ४७, दहाला ५६. या आकड्यांच्या दुप्पट-तिप्पट सुरांवरही खोली घुमते. ३७.५ ची दुप्पट ७५. पांढरी दोनचा खर्ज षड्ज साधारण ७३ हर्ट्झवर असतो, काळी एकचा ६९ वर. म्हणजे आमच्या घरी पांढरी दोनचा खर्ज नेमका खोलीच्या सुरावर जाऊन बसत होता, आणि आमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला होता. भिंतीपाशी असे सगळे घुमारे सर्वांत जोरात ऐकू येतात.

७५ हर्ट्झच्या घुमाऱ्याला खोलीच्या लांबीवर दोन शांत जागा असतात: दोन्ही टोकांपासून लांबीच्या पाव अंतरावर. पंधरा फुटांचा पाव म्हणजे पावणेचार फूट. सोफा तेवढा पुढे ओढला आणि त्याच संध्याकाळी फुगवटा अर्ध्यावर आला. उरलेला मात्र कशानेही जाईना, कारण स्पीकरच खोलीच्या मानाने मोठे होते. आठ-आठ इंची दोन वूफर (खालचे सूर वाजवणारे भाग), तीस हर्ट्झच्या खाली जाणारे. छोट्या बंद खोलीत भिंती खालच्या सुरांना स्वतःची भर घालतात, त्यात असा स्पीकर ओतला की खर्ज मोकळा राहत नाही. माझं ठाम मत असं झालं आहे की १८० चौरस फुटांच्या आतल्या खोलीला साडेसहा इंची दोन वूफरचा टॉवर पुरतो. त्याहून मोठा घेण्याइतके पैसे असतील तर ते त्याच आकाराच्या अधिक चांगल्या जोडीत घाला.

खोली अगदी चौकोनी असेल तर जास्त सावध राहा. बारा बाय बाराच्या खोलीत दोन्ही दिशांचे घुमारे एकाच सुरावर येतात.

भिंती कशाच्या आहेत हेही बघा. सांगलीच्या गावभागातल्या एका जुन्या वाड्यात, माडीवर, लाकडी तक्तपोशीच्या खोलीत मी जे स्पीकर ऐकले तेच नंतर विश्रामबागच्या एका नव्या फ्लॅटमध्ये ऐकले. वाड्यात लाकडाची जमीन आणि छत थोडं हलतं, खालच्या सुरांची ताकद शोषून घेतं, त्यामुळे डग्गा सुटसुटीत येतो. फ्लॅटमधल्या काँक्रीटच्या भिंती तो सूर सोडतच नाहीत, आणि जमिनीवर गुळगुळीत टाइल्स असल्याने टाळ्यांचा, तबल्याच्या चाटीचा, 'स'चा आवाज चमकतो. टाळी वाजवून बघा. मागे धातूसारखी झणझण ऐकू आली तर स्पीकरच्या खर्चातून जमखाना, जाड पडदे आणि पुस्तकांचं कपाट यांची रक्कम आधी बाजूला काढा.

शेवटचं मोजमाप तुमच्या कानाच्या उंचीचं. खुर्चीत किंवा सोफ्यावर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून ९५ ते १०० सेंटीमीटरवर येतो आणि बहुतेक टॉवरचा ट्विटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा भाग, त्याच हिशोबाने लावलेला असतो. आपल्याकडे गाणं ऐकणारी पुष्कळ माणसं गादीवर, लोडाला टेकून बसतात. तिथे कान ७५-८० सेंटीमीटरवर येतो. ट्विटर आणि मधले सूर वाजवणारा मिडरेंज एकाखाली एक असतात, दोघांचा आवाज एका उंचीवर नीट जुळतो आणि त्याच्या वर-खाली गेलं की जिथे एकाकडून दुसऱ्याकडे काम जातं त्या सुरांत खड्डा पडतो. हा खड्डा बहुधा दोन ते तीन हजार हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे जिथे कान सगळ्यांत तीक्ष्ण असतो तिथेच. तुम्ही बैठकीवर ऐकणारे असाल तर पुण्यालाही जमिनीवर बसून ऐका. संकोच करू नका. केईएफ ही इंग्लिश कंपनी १९८८ पासून मिडरेंजच्या मधोमध ट्विटर बसवलेले स्पीकर करते आहे, टॅनॉय तर त्याही आधी, १९४७ पासून एकाच केंद्रातून आवाज देणारी रचना वापरत आली आहे. अशा रचनेत उंचीचा फरक कमी जाणवतो. इतर रचनांमध्ये मागचे पाय थोडे उंच करून स्पीकर किंचित पुढे झुकवता येतो.

कान लावून घ्या

सांगलीकरांना हे जमतं तसं मुंबईकरांनाही जमत नाही, म्हणून या पायरीवर मी जरा जास्त थांबणार आहे. दहा किलोमीटरवर मिरज आहे, तिथे सतारमेकर गल्लीत तंबोरे आणि सतारी पिढ्यान्‌पिढ्या घडवल्या जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. एक सकाळ काढा, कारागिराचं काम अडणार नाही अशा वेळी जा आणि जवारी, म्हणजे तारेच्या आवाजाची खुलावट, लावताना ऐकायची परवानगी मागा.

घोडीवर तार टेकते तिथे कारागीर सुती दोरा सरकवतो. दोरा एका जागी असेल तर तार नुसती ठणकते. केसभर पुढे सरकला की तीच तार खुलते, तिच्यातून वरचे स्वर एकामागून एक उलगडत जातात आणि आवाज छेडल्यानंतर वाढत गेल्यासारखा वाटतो. खर्जाच्या तारेतून नीट कान दिला तर गंधार ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनातून तो येतो. काळी एकच्या खर्जाचे ६९ हर्ट्झ धरले तर हा गंधार साधारण ३४६ हर्ट्झवर असतो.

आता टॉवर स्पीकरच्या आत बघा. तीन भागांच्या स्पीकरमध्ये वूफरकडून मिडरेंजकडे आवाज सोपवला जातो तो बहुधा २०० ते ५०० हर्ट्झच्या दरम्यान. तिथून पुढे दोन-तीन हजारांवर ट्विटर काम हाती घेतो. म्हणजे खर्जाच्या एकाच तारेचं मूळ वूफरमध्ये, गंधार दोघांच्या सांध्यावर, जवारीची चमक मिडरेंज आणि ट्विटरच्या सांध्यावर. प्रत्यक्षात ही सगळी एक तार आहे. स्पीकरचे सांधे नीट जुळलेले नसतील तर ती तार तीन तुकड्यांत ऐकू येते: खाली घूं, मध्ये काही नाही, वर झणझण. सनई, व्हायोलिन, गाणाऱ्याचा आवाज या सगळ्यांत हा दोष लपू शकतो, कारण तिथे चाल, शब्द आणि भाव लक्ष ओढून घेतात. तंबोरा काहीच करत नाही, एकच गोष्ट सांगत राहतो. म्हणून माझ्यासाठी स्पीकरची पहिली आणि शेवटची परीक्षा तंबोऱ्याची आहे.

इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यावर कान लावू नका. त्याचा स्वतःचा स्पीकर हातभर सुद्धा नसतो. तसंच मोठ्या सभागृहातल्या मैफिलीवरही नको. तिथे तुम्ही गायकाला ऐकत नाही, त्या सभागृहातल्या भोंग्यांना ऐकता. माइक नसलेली घरगुती बैठक, गुरुजींच्या शिकवणीची खोली, आठ-दहा फुटांवरचा तबला, पेटी, जमल्यास नाट्यसंगीतातला पायाने हवा भरायचा ऑर्गन: हे मिळेल तिथे ऐका आणि आवाज किती मोठा असतो तेही लक्षात ठेवा. प्रत्यक्षातला डग्गा आपण घरी लावतो त्याहून कोरडा असतो. तो घुमतो कमी, दाबतो जास्त.

स्वतःचं ध्वनिमुद्रण सोबत न्या

दालनात वाजवली जाणारी गाणी स्पीकर चांगला दिसावा म्हणून निवडलेली असतात. एक बाई, एक गिटार, भरपूर हवा. ती कुठल्याही स्पीकरवर सुंदरच वाटतात.

हातात धरायचा एखादा बरा रेकॉर्डर उसना मिळवा आणि तीन गोष्टी मुद्रित करा. तंबोरा, दोन मिनिटं. घरातल्या कुणाचा तरी आवाज, बोलताना. आणि तबल्याचा साधा ठेका, ज्यात डग्ग्याला मींड आहे. रेकॉर्डर वाद्यापासून दोन-तीन फुटांवर ठेवा, खाली जाड सतरंजी, आसपास गाद्या. लांबून मुद्रित केलंत तर तुमच्या खोलीचा घुमाराही त्यात जाईल आणि ऐकताना दुसऱ्या खोलीचा त्यावर चढेल. फाइल डब्ल्यूएव्ही ठेवा, एमपी३ नको.

आईचा आवाज कसा आहे हे तुम्हाला कुठल्याही समीक्षकापेक्षा जास्त माहीत आहे. माणसाच्या बोलण्याची ही कसोटी जुनी आहे. बीबीसीचे अभियंते स्वतःचे मॉनिटर स्पीकर घडवताना बोलण्याचं ध्वनिमुद्रण आणि समोर बसलेला तोच माणूस अशी तुलना करत. मराठी त्यासाठी चांगली भाषा आहे. 'चोर' मधला च आणि 'चित्र' मधला च यांतला फरक वरच्या सुरांतल्या बारीक घर्षणाचा असतो. स्पीकर हे दोन च सारखेच करत असेल तर त्याच्या ट्विटरचा सूर वर किंवा खाली ढळलेला आहे. 'ण' आणि 'ळ' छातीतून येताना डब्यातून आल्यासारखे वाटले तर स्पीकरच्या पेटीच्या लाकडी भिंती सोबत बोलत आहेत.

याखेरीज तुमच्या आवडीची पाच-सहा ध्वनिमुद्रणं घ्या, त्यात एक तरी ७८ आरपीएमच्या तबकडीवरून उतरवलेलं असू द्या. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या मिरजेत राहिलेल्या गायकाचं गाणं आपल्यापर्यंत तीन-साडेतीन मिनिटांच्या अशाच तबकड्यांतून आलं आहे. त्यावरून स्पीकरची पारख होत नाही. पण एखाद्या स्पीकरवर जुनी तबकडी ऐकवेनाशी होत असेल, खरखर पुढे आणि गाणं मागे जात असेल, तर त्याच्या वरच्या सुरांत फाजील चमक आहे, आणि तीच चमक वर्षभराने नव्या ध्वनिमुद्रणांतही टोचायला लागेल. मी असे स्पीकर यादीतून काढते.

माहितीपत्रक वाचण्याची पायरी

यात फार वेळ घालवू नका, पण चार आकडे नीट वाचा.

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. यात एक मेख आहे. आठ ओहमच्या (ओहम हे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॉट, चार ओहमच्याला दोन वॉट. चार ओहमवर लिहिलेले ९० डेसिबल खरे तर वॉटला ८७ आहेत. ८७ चा स्पीकर आपल्यासारख्या खोलीत, नऊ फुटांवर, दोन्ही मिळून वॉटला साधारण ८२ डेसिबल देतो. तबल्याची थाप ९५ पर्यंत उसळते असं धरलं तर १३ डेसिबल हवेत, म्हणजे वीसपट, म्हणजे वीस वॉट. त्याच्या तिप्पट-चौपट राखीव ठेवली की झालं. घरी तीनशे वॉट लागत नाहीत. क्लिप्शसारख्या हॉर्नच्या स्पीकरना याहूनही कमी लागतात.

किमान इम्पीडन्स, म्हणजे हाच विजेला होणारा विरोध. पत्रकावर आठ ओहम असतं, खालच्या सुरांत तो तीनपर्यंत उतरतो आणि घरचा जुना अ‍ॅम्प तिथे दमतो. विक्रेत्याला किमान आकडा विचारा आणि शक्य असेल तर स्वतःचा अ‍ॅम्प पुण्याला घेऊन जा.

सुरांचा पल्ला. '२८ हर्ट्झ ते ३० किलोहर्ट्झ' एवढंच लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ नाही. किती डेसिबलच्या आत? अधिक-उणे तीनमध्ये २८ आणि उणे दहावर २८ हे दोन वेगळे स्पीकर आहेत.

आणि आलेख मिळत असेल तर समोरच्यासोबत बाजूचाही बघा. तुमच्या कानावर येणाऱ्या आवाजाचा मोठा भाग भिंतींवरून परतून येतो, म्हणजे स्पीकरने बाजूला जे टाकलं ते तुम्ही ऐकताच. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि १९९१ नंतर हरमन या स्पीकर कंपनीत पडद्याआड स्पीकर ठेवून असंख्य श्रोत्यांकडून तुलना करून घेतल्या. समोरून सपाट आणि बाजूंना सावकाश, एकसारखा उतरत जाणारा आवाज लोकांना पुन्हा पुन्हा आवडला. त्यातूनच पुढे स्पीकरभोवती दहा-दहा अंशांवर, आडवी आणि उभी मिळून सत्तर मोजमापं घेण्याची सीटीए-२०३४ ही पद्धत रूढ झाली. अशी मोजमापं मिळाली तर त्यांच्यावर विश्वास ठेवा. स्पीकरची पेटी कुठल्या लाकडाची, कोन (शंकूसारखा हलणारा पडदा) कुठल्या धाग्याचा, यांवर मात्र पैसे मोजू नका.

पुण्याला

दोन फेऱ्या ठरवूनच जा. पहिल्या फेरीत काहीही विकत घ्यायचं नाही, हे घरून ठरवून निघा. सकाळी लवकर सांगली सोडली तर अकरापर्यंत पोचता येतं, पण चार तासांच्या प्रवासानंतर गाडीच्या आवाजाने कान दमलेले असतात. जेवण करून, तासभर शांत बसून मग ऐकायला बसा. शक्यतो आठवड्यातल्या मधल्या वारी, वेळ आधी मागून घेऊन.

ज्या दोन जोड्या तुलनेला घेतल्या आहेत त्या एकाच अ‍ॅम्पवर, एकाच जागी ठेवायला सांगा. मग आवाजाची पातळी जुळवा. ही पायरी कुणीच करत नाही आणि तिच्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ आहे, कारण थोडा मोठा आवाज कानाला नेहमी 'जास्त चांगला' वाटतो, मोठा वाटत नाही. फोनमध्ये पिंक नॉइज, म्हणजे सगळे सूर असलेला एकसारखा खरखराट, ठेवा, डेसिबल मोजणारं अ‍ॅप घ्या, फोन बसायच्या जागी एकाच ठिकाणी धरा आणि दोन्ही जोड्या अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. फोनचा आकडा खरा नसला तरी तुलनेला तो पुरतो.

पहिल्यांदा एकच स्पीकर ऐका. दुसरा बंद. ध्वनिमुद्रण मोनो करून. विक्रेत्याला हे विचित्र वाटेल, पण जोडीने वाजताना अवकाशाचा जो सुखद आभास होतो तो दोष झाकतो. टूल यांच्या प्रयोगांतही मोनोमध्ये श्रोत्यांना स्पीकरमधले फरक जास्त स्पष्ट कळले. बोलणं ऐका, मग तंबोरा. डोळे मिटा. आवाज एका वाद्याचा आहे की वरच्या आणि खालच्या दोन ठिकाणांहून येतो आहे? गंधार शोधा. तो शोधावा लागत असेल तर वूफर आणि मिडरेंजचा सांधा सैल आहे. तो फारच पुढे येत असेल तर तिथे फुगवटा आहे. मिरजेला ऐकलेला दोऱ्याचा तो केसभर फरक, खुललेली जवारी आणि ठणकणारी तार, यांतली कुठली बाजू ऐकू येते आहे?

मग जोडीने. डग्ग्याच्या मींडीवर लक्ष ठेवा, ती वरून खाली सारख्या वजनाने सरकली पाहिजे. इथे अडली तर खोली की स्पीकर हे ओळखायला खुर्ची दोन फूट पुढे-मागे करा. अडण्याची जागा बदलली तर खोली, तिथेच राहिली तर स्पीकर. पेटीवर दोन-तीन पट्ट्या एकदम दाबलेल्या असताना आवाज खरबरीत होतो का ते ऐका. एखादं भरगच्च वाद्यवृंदाचं सिनेगीत मोठ्याने लावा: आवाज वाढवल्यावर वाद्यं मोठी व्हायला हवीत, कर्कश नाही.

याच्या उलट परीक्षा जास्त महत्त्वाची. आवाज इतका खाली आणा की शेजारच्या खोलीत झोपलेलं मूल उठणार नाही. घरी तुम्ही रात्री साडेदहानंतर असंच ऐकणार आहात. आवाज उतरला की माणसाचा कान खालच्या सुरांना आधी विसरतो, फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये याचे आलेख मांडले. काही स्पीकर इतक्या हलक्या आवाजात मेल्यासारखे होतात. काहींवर गायकाचा श्वास आणि तंबोरा दोन्ही शाबूत राहतात. मी नेहमी दुसऱ्या जातीचे घेते.

शेवटी एक पूर्ण विलंबित ख्याल, मध्ये न बोलता. चाळीस मिनिटांनी तुम्हाला आवाज कमी करावासा वाटतो की वाढवावासा, ते वहीत लिहा. किंमत विचारायची ती यानंतर. परत येताना गाडीत काहीही लावू नका.

कॅबिनेटवर बोटांच्या पेरांनी ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर त्याचं उत्तर तुम्हाला 'ण'मध्ये मिळालंच असेल.

घरी आणून ऐकणं

चार-पाच लाखांच्या जोडीसाठी घरी आणून ऐकवण्याची विनंती करणं गैर नाही. वाहतुकीचा खर्च स्वतः द्यायची तयारी दाखवा, खरवडलं तर भरपाई देऊ असं लिहून द्या. अनेक विक्रेते तयार होतात. एखादा ठाम नाही म्हणाला तर परतीची अट बिलावर लिहून घ्या. बिल पक्कं हवं आणि वॉरंटी भारतातल्या अधिकृत आयातदाराची, कारण पाच वर्षांनी मिडरेंजचा कोन बदलायची वेळ आली तर तोच कामाला येतो.

जमिनीवर चिकटपट्टीने खुणा करा. सुरुवात अशी: स्पीकरचा पुढचा भाग त्याच्या मागच्या भिंतीपासून तीन फूट, दोन स्पीकरमध्ये सात-आठ फूट, तुम्ही तेवढ्याच किंवा थोड्या जास्त अंतरावर. भिंतीपासूनच्या अंतराचाही एक हिशोब आहे. भिंतीवरून परतलेला आवाज एका सुराला खोडून टाकतो. अंतर दोन फूट असेल तर तो सूर १४० हर्ट्झच्या आसपास, तीन फूट असेल तर ९४. १४० म्हणजे पुरुषाच्या आवाजातला मध्य षड्ज. तोच पातळ झाला तर काय उरलं? वूफरपासून मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन ही तीन अंतरं एकमेकांसारखी येऊ देऊ नका, नाहीतर तिन्ही मिळून एकाच सुराला खोडतात.

मग फोनवरच्या टोन जनरेटरने ३० ते १५० हर्ट्झपर्यंत सावकाश वर जा आणि कुठे फुगतं, कुठे नाहीसं होतं ते लिहून काढा. जास्त नीट काम करायचं असेल तर मिनीडीएसपीचा युमिक-१ हा मोजणीचा माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचं मोजमाप मनावर घ्या, वरचं घेऊ नका. इक्वलायझरने फुगवटा कापता येतो. खड्डा भरता येत नाही, तिथे स्पीकर किंवा बसायची जागाच हलवावी लागते. स्पीकरच्या पेटीला मागे भोक असेल आणि जागा कमी असेल तर त्यात फोमचा बोळा घालून बघा, काही खोल्यांत तेवढ्यानेच डग्गा सुटतो.

पंखा चालू ठेवून ऐका. मार्च ते जून सांगलीत दुसरा पर्याय नाही. तंबोऱ्याची उतरती आस पंख्याच्या आवाजात बुडते का, आणि बुडू नये म्हणून तुम्हाला आवाज किती वाढवावा लागतो, हे आताच कळलेलं बरं. खिडक्या उघड्या आणि बंद, दोन्ही करून बघा. उघड्या खिडकीतून खालचे सूर बाहेर जातात, आणि बंद खोलीत बेढब वाटणारा स्पीकर उन्हाळाभर व्यवस्थित वागू शकतो.

मग ज्यासाठी मी ही सगळी तयारी करायला सांगितली ते करा. कुणाला तरी दोन स्पीकरच्या मधोमध तंबोरा घेऊन बसवा. तुमचं मुद्रण आणि प्रत्यक्ष तंबोरा, एकाच पट्टीत, एकाच मोठेपणाने, आलटून पालटून. आमच्याकडे ही परीक्षा झाली तेव्हा तीन जोड्यांपैकी सगळ्यांत स्वस्त जोडी सर्वांत जवळ गेली. तिच्यावरचा तंबोरा थोडा लहान होता, पण एक होता. सर्वांत महागडीवर तो भव्य होता आणि दोन तुकड्यांत होता. स्वस्तातली ठेवली.

वायरीबद्दल थोडक्यात: दहा फुटांपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची वायर भरपूर झाली. नवा स्पीकर महिनाभर वाजल्यावर खुलतो असं सांगतात. कोनाची लवचीकता सुरुवातीच्या काही तासांत थोडी बदलते, पण महिनाभरात बदलतो तो मुख्यतः आपला कान. पहिल्या दिवशी न आवडलेला स्पीकर या आश्वासनावर घेऊ नका. घरात लहान मूल असेल तर जाळी काढू नका, ट्विटरच्या घुमटावर बोट टेकलं की तो दबतोच.

पाण्याची तयारी

आपल्या सांगलीत ही पायरी सोडता येत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचे स्पीकर गेलेली घरं मी पाहिली आहेत. स्पीकरच्या बहुतेक पेट्या एमडीएफच्या, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या, असतात, पाणी लागलं की फुगतात आणि वाळल्यावर पूर्ववत होत नाहीत. सुरांची वाटणी करणारा क्रॉसओव्हर पुष्कळ वेळा पेटीच्या तळाशीच असतो, म्हणजे फूटभर पाण्यातही आधी तोच बुडतो.

नदीकडच्या भागात तळमजल्यावर राहत असाल तर एका स्पीकरचं वजन विचारून घ्या. पंचवीस किलोचा दोन माणसं जिन्याने सहज नेतात. पन्नासचा, तीन फुटांच्या वळणाच्या जिन्यात, रात्री, वीज गेलेली असताना, चार माणसांनाही जड जातो. घेण्याआधी जिन्याचं वळण आणि स्पीकरची उंची मोजा. खालचे टोकदार पाय काढायची पान्याची किल्ली स्पीकरच्या मागेच चिकटपट्टीने लावून ठेवा. मूळ खोकी आणि आतला थर्माकोल टाकू नका, ती वरच्या मजल्यावर किंवा पोटमाळ्यावर ठेवा. वरच्या मजल्यावर दोन्ही स्पीकर उभे राहतील एवढी जागा जूनच्या पहिल्या आठवड्यात मोकळी करा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याच्या पातळीचे आकडे फोनवर यायला लागले की वायरी सोडवा, खालच्या चिकटपट्टीच्या खुणांचा फोटो काढा आणि पाऊस वाढायची वाट न बघता स्पीकर दिवसाउजेडी वर न्या.